पाहुण्याचे तिकीट

मराठी वृत्तपत्रांच्या क्रीडापानावर दोन शब्द नित्य भेटतात : यजमान संघ आणि पाहुणा संघ. ज्याच्या मैदानावर सामना तो यजमान, जो परगावाहून आला तो पाहुणा. कोण्या जुन्या उपसंपादकाने हे शब्द प्रथम योजले ते ठाऊक नाही. पण त्याने नकळत एक नैतिक जबाबदारी क्रीडापानावर आणून ठेवली. ‘पाहुणा’ म्हटला की त्याच्यापाठोपाठ काही कर्तव्ये घरात येतात. पाहुण्याला उन्हातून आल्यावर पाणी द्यावयाचे असते, आणि त्याची अडचण ओळखून तिचा लाभ उठवावयाचा नसतो.

पाहुण्या संघाची व्यवस्था होतेच. त्याच्यासाठी गाडी असते, निवास असतो, मैदानात जाण्यास वेगळा दरवाजा असतो. आमचा प्रश्न त्या संघामागून स्वखर्चाने आलेल्या माणसाविषयी आहे. तो रात्रभर प्रवास करून येतो, मैदानाच्या एका कोपऱ्यात बसवला जातो, आपल्या संघासाठी घसा कोरडा करतो आणि पुन्हा रात्रभर प्रवास करून कामावर रुजू होतो. त्याच्याकडून तिकिटाचे किती पैसे घेणे न्याय्य ठरेल? आणि हा प्रश्न न्यायाचा आहे, की निव्वळ बाजाराचा?

फुटबॉलच्या तिकिटाला नीतिशास्त्राच्या चर्चेत स्थान द्यावे, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. धान्य, औषधे, खोलीभाडे, शाळेची फी यांच्या दरांविषयी विवेकाला बोलावणे सर्वांना मान्य आहे. सामना न पाहिल्याने कोणी उपाशी राहत नाही. हा आक्षेप वजनदार आहे व त्याची दखल आम्ही पुढे घेणार आहोत. तत्पूर्वी हा प्रश्न आमच्या दाराशी कसा आला ते सांगितले पाहिजे.

आमचे राजगुरुनगर, म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडचे खेड, भीमेच्या काठी पुणे-नाशिक रस्त्यावर वसले आहे. हुतात्मा शिवराम हरी राजगुरू यांचे हे जन्मगाव. येथील मातीतला मूळ खेळ फुटबॉल नव्हे. खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ या टापूत वेड आहे ते बैलगाडा शर्यतींचे आणि यात्रेतल्या कुस्त्यांचे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये त्याविषयीचा राज्याचा कायदा वैध ठरवला. मुक्या जनावरांना असे पळवावे काय, हा स्वतंत्र वाद आहे व त्यात आमचे मत बैलांच्या बाजूने झुकते. येथे मुद्दा पाहणाऱ्याचा आहे. शर्यतीच्या घाटाच्या दोन्ही अंगांना माणसे दाटीवाटीने उभी राहतात, आणि परंपरेने त्यांच्यापैकी कोणालाही तिकीट नसते. खर्च यजमान गाव वर्गणीतून करते. कुस्तीच्या आखाड्याचेही तेच. परगावचा माणूस आपल्या गावच्या मल्लामागून आला, तर त्याला जेवल्यावाचून जाऊ देणे गावाला कमीपणाचे वाटे. आता वर्गणीची जागा बड्या देणगीदारांनी घेतली आहे आणि घाटाच्या तोंडाशी कोणाचे चेहरे फलकांवर झळकतात ते सांगावयास नको. तरीही बघ्याला तिकीट मागण्याचा विचार अद्याप कोणाच्या मनात सहसा येत नाही.

म्हणजे ज्याला आज बाजाराचा अटळ नियम म्हणून आम्हांस शिकवले जाते, त्याच्या नेमकी उलट रीत आमच्या तालुक्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. खेळाचा खर्च यजमानाने सोसावा. पाहुण्याने केवळ यावे.

फुटबॉल आमच्याकडे आला तो मुख्यतः चाकणच्या कारखान्यांबरोबर. औद्योगिक वसाहत वाढली तशी केरळ, बंगाल, झारखंड, ईशान्येकडील राज्ये आणि आपले कोल्हापूर येथून तरुण माणसे आली. एका खोलीत चौघे-पाचजण राहतात. त्यांच्या भिंतीवर येशूचे वा मरियामातेचे चित्र असते आणि शेजारी कोणत्या तरी संघाचा पट्टेदार सदरा टांगलेला असतो. रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात त्यांच्या गप्पा ऐकाव्यात. मालेरकोटला कोठे आहे हे सांगता न येणारा मुलगा लिव्हरपूलच्या राखीव खेळाडूंची नावे धडाधड म्हणून दाखवतो.

या मुलांच्या नशिबी आलेली गंमत अशी की, त्यांच्या पट्ट्याला आज आपला असा मोठा संघच उरलेला नाही. पुणे एफसी २००७ साली स्थापन झाला, २०१२-१३च्या आय-लीगमध्ये उपविजेता ठरला आणि २०१५ मध्ये त्याचा मुख्य संघ बंद झाला. भारत एफसी जेमतेम एक मोसम टिकला. डीएसके शिवाजियन्स २०१७ साली आय-लीगमधून बाहेर पडला. इंडियन सुपर लीगमधील एफसी पुणे सिटी २०१४ पासून बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात खेळत होता. २०१९ मध्ये तोही मिटला व त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. पुढे २०२५ मध्ये हैदराबादचा तो संघही दिल्लीला गेला. संघच बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडू लागल्यावर चाहत्याने कोठे घर करावे?

परिणाम असा की, राजगुरुनगरच्या फुटबॉलप्रेमी माणसाला वरच्या दर्जाचा कोणताही सामना पाहावयाचा तर पाहुणा होऊनच जावे लागते. बालेवाडीचे दिवे विझले तेव्हापासून सर्वांत जवळचे मोठे मैदान म्हणजे मुंबईत अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलातील. आता या प्रवासाचा हिशेब मांडून पाहावा. राजगुरुनगरला रेल्वे नाही. एसटीने पुणे, पुण्याहून आगगाडीने दादर, तेथून लोकलने अंधेरी. सामने बहुधा सायंकाळी साडेसातला सुरू होतात, म्हणजे सुटावयास साडेनऊ. त्यानंतर उलटा प्रवास सुरू. कंत्राटी कामगाराला भरपगारी रजा नसते; गेला दिवस तो गेलाच, आणि रात्रभर जागून आलेला मनुष्य दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला यंत्रापुढे उभा राहू शकत नाही. म्हणून रुपयांऐवजी दिवसांत मोजले तर एका सामन्याची किंमत दोन दिवसांची मजुरी, अधिक भाडे, अधिक खाणे. तिकिटाची खिडकी अजून उघडलेलीच नाही, आणि हा माणूस यजमानाच्या दारातल्या प्रेक्षकापेक्षा कितीतरी अधिक मोजून बसला आहे.

आणि एवढे मोजून त्याच्या पदरी काय पडते? १८ ऑक्टोबर २०१४ रोजी नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर मुंबई सिटी आणि पुणे सिटी यांचा पहिला सामना झाला. मुंबईने तो पाच-शून्य असा जिंकला; ब्राझीलच्या आंद्रे मॉरित्झने तीन गोल केले आणि इंडियन सुपर लीगमधली ती पहिली हॅट्ट्रिक ठरली. त्या रात्री पुण्याहून नेरुळला गेलेल्या माणसाच्या मनाची कल्पना करावी. घाट चढून परतताना त्याच्याजवळ फक्त तो पराभव होता, आणि तरीही पुढच्या वर्षी तो पुन्हा निघणार हे त्याला तेव्हाच ठाऊक असणार. नाटक पडले तर आपण दुसऱ्या नाटकाला जातो. हॉटेलातले जेवण बेचव निघाले तर शेजारचे हॉटेल आहे. चाहत्याला शेजारचे हॉटेल नाही. मुंबईच्या संघाचे तिकीट महाग झाले म्हणून तो गोव्याच्या संघाचा होऊ शकत नाही. ग्राहक हा शब्द त्याच्या अंगाला बसत नाही आणि साऱ्या अन्यायाचे मूळ येथेच आहे, असे आम्हांस वाटते.

हा अन्याय मोठ्या प्रमाणावर कोठे पाहावयाचा असेल तर इंग्लंडकडे वळले पाहिजे, कारण परगावच्या मैदानावर हजारोंनी जाण्याची प्रथा तेथे फार जुनी आहे. १३ जानेवारी २०१३ रोजी लंडनमध्ये आर्सेनल विरुद्ध मँचेस्टर सिटी असा सामना होता. पाहुण्यांच्या तिकिटाचा दर बासष्ट पौंड. मँचेस्टरच्या वाट्याला सुमारे तीन हजार तिकिटे आली होती; त्यांतली ९१२ विकली न गेल्याने परत पाठवावी लागली. जे आले त्यांनी दराच्या निषेधाचा फलक फडकावला. सामना सिटीने जिंकला. नंतर रेषेवरचा सहाय्यक पंच सिटीच्या खेळाडूंना, तुमच्या लोकांकडे जा, त्यांनी बासष्ट पौंड भरले आहेत, अशा अर्थाचे काही बोलताना ऐकू आला आणि ते दूरचित्रवाणीवर टिपले गेले. पंचाने निःपक्षपाती असावे हे खरे. परंतु त्या दिवशी मैदानावर विवेक बोलला तो त्याच्याच तोंडून.

त्यानंतर इंग्लंडमधील चाहत्यांच्या संघटनेने पाहुण्यांसाठी वीस पौंड पुरेत, अशी मोहीम चालवली. ६ फेब्रुवारी २०१६ रोजी लिव्हरपूलच्या घरच्या मैदानावर सुमारे दहा हजार माणसे सामन्याच्या सत्त्याहत्तराव्या मिनिटाला उठून चालती झाली, कारण क्लबाने पुढील मोसमासाठी सत्त्याहत्तर पौंडांचे तिकीट जाहीर केले होते. लिव्हरपूल तेव्हा दोन-शून्य असा आघाडीवर होता. माणसे गेली आणि सामना दोन-दोन असा बरोबरीत सुटला. मालकांनी काही दिवसांत तो दर मागे घेतला. पुढच्याच महिन्यात प्रीमियर लीगच्या क्लबांनी ठरवले की, २०१६-१७च्या मोसमापासून पाहुण्या प्रेक्षकाकडून तीस पौंडांहून अधिक घ्यावयाचे नाहीत. ही मर्यादा त्यानंतर वेळोवेळी वाढवण्यात आली आणि रक्कम तीच राहिली. औदार्याचा हा झरा अचानक कोठून फुटला? त्याच मोसमापासून देशांतर्गत प्रक्षेपणाचे तीन वर्षांचे हक्क पाच अब्ज पौंडांहून अधिक किमतीला विकले गेले होते. पाहुण्याचे पैसे त्या ताळेबंदात चिल्लर ठरले होते, आणि त्याचे गाणे मात्र प्रक्षेपणाला हवे होते. रिकाम्या, मुक्या कोपऱ्याचे चित्र कोणता दूरचित्रवाणीवाला विकत घेईल?

या कथेला एक काळी कडा आहे. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलचे प्रेक्षक चेंगरले गेले. त्या दुर्घटनेतील मृतांची संख्या आज सत्त्याण्णव मानली जाते. ती सारी परगावी सामना पाहण्यास निघालेली माणसे होती. न्यायमूर्ती टेलर यांनी जानेवारी १९९० मध्ये अहवाल देताना उभ्याने पाहण्याच्या जागा काढून सर्वत्र आसने बसवावीत असे सुचवले. त्याचबरोबर, उभे राहणाऱ्यांच्या खिशाला पेलेल असे स्वस्त आसनांचे दर ठेवता येतील, असेही म्हटले आणि ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावरील सहा पौंडांच्या आसनाचा दाखला दिला. क्लबांनी आसने बसवली. दराविषयीचे ते वाक्य मात्र अहवालातच राहिले. सुरक्षिततेच्या नावाने उभारलेल्या आसनांनी, ज्यांच्या मरणामुळे ती आली, त्यांच्यासारख्याच माणसांना हळूहळू बाहेर काढले. आम्ही इंग्लंडचे मत्सरी नाही. पण ही गोष्ट वाचताना मन विटते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा थिऑलॉजिए’ या ग्रंथात खरेदी-विक्रीतील फसवणुकीचा विचार केला आहे. वस्तूला तिच्या मोलापेक्षा अधिक किंमत घ्यावी काय, हा त्यांचा प्रश्न. त्यांच्या उत्तराचा एक पदर आमच्या विषयाला विलक्षण लागू पडतो. वस्तू हातची गेल्याने विकणाऱ्याचेच विशेष नुकसान होत असेल, तर ते भरून निघेल एवढे अधिक मागण्यास हरकत नाही, कारण ते नुकसान त्याचे स्वतःचे आहे. परंतु विकणाऱ्याचे काही बिघडत नसताना, घेणाऱ्याला त्या वस्तूची फार निकड आहे एवढ्याच कारणाने किंमत चढवणे न्यायाला सोडून होते. ती निकड विक्रेत्याने निर्माण केलेली नसते. ती घेणाऱ्याच्या आयुष्यातून आलेली असते. जे आपल्या मालकीचे नाही ते विकण्याचा अधिकार कोणाला कसा असेल? घेणाऱ्याने संतोषाने काही अधिक दिले तर ती त्याची सज्जनता, असेही संत थॉमस पुढे जोडतात.

हा विचार मैदानाच्या खिडकीवर नेऊन ठेवावा. आसन क्लबाचे आहे, हिरवळ क्लबाची आहे, दिव्यांचे बिल क्लब भरतो. या सर्वांची किंमत त्याने अवश्य घ्यावी. पण बासष्ट पौंडांतला काही भाग या कशाचाही नव्हता. तो त्या मँचेस्टरच्या माणसाच्या निष्ठेचा होता. ती निष्ठा त्याला बापाकडून, गल्लीकडून, लहानपणच्या एखाद्या ओल्या संध्याकाळकडून मिळालेली होती. आणि आर्सेनल या परक्या क्लबाचा तर तिच्यात तीळभरही वाटा नव्हता. घरच्या प्रेक्षकाबाबत क्लब निदान म्हणू शकतो की, हे प्रेम आम्ही जोपासले. पाहुण्याबाबत तेवढेही म्हणता येत नाही. यजमानाने परक्याच्या घरातले प्रेम परक्यालाच विकले, असा हा व्यवहार आहे.

यावर अर्थशास्त्र जाणणारे वाचक म्हणतील की, न्याय्य किंमत म्हणजे बाजारात ठरणारी किंमत. त्यांना आधारही आहे. सोळाव्या शतकातील सालामान्काच्या स्पॅनिश धर्मपंडितांनी न्याय्य किंमत म्हणजे लोकांच्या सर्वसाधारण अंदाजाने ठरणारा बाजारभाव, अशीच मांडणी केली. पण त्यांनी दोन अटी घातल्या होत्या : फसवणूक नसावी आणि मक्तेदारी नसावी. एका संघाच्या एका दिवसाच्या सामन्याएवढी संपूर्ण मक्तेदारी दुसरी कोणती असेल?

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. जागा मोजक्या आणि इच्छुक अनेक असतील तर कोणाला तरी बाहेर राहावेच लागणार. किंमत ही निवडीची एक रीत आहे. तिच्याऐवजी रांग लावली तर वेळ नसलेला बाहेर राहतो, सोडत काढली तर कमनशिबी राहतो, आणि दर फार उतरवला तर दलाल तिकिटे उचलून बाहेर दुप्पट-तिप्पट भावाने विकतात. हे सारे खरे आहे. तथापि या रीती सारख्या नाहीत. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे जाहीर दर्शन जुन्या गोव्यात २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाले, तेव्हा महाराष्ट्रातूनही भाविक गेले. दर्शनाला मोल नव्हते; रांग होती. रांगेत उन्हाचा ताप सर्वांना लागतो आणि पुढच्या माणसाच्या पाठीकडे पाहत श्रीमंतालाही उभे राहावे लागते. किमतीच्या चाळणीत मात्र एकाच प्रकारचा माणूस दर वेळी खाली गळतो. दलालांचे म्हणाल तर त्याला उपाय सापडलेला आहे : इंग्लंडमध्ये पाहुण्यांची तिकिटे पाहुणा क्लब स्वतः आपल्या सभासदांना विकतो, आणि पूर्वी किती वेळा परगावी आलात त्याची नोंद पाहून प्राधान्य देतो. निष्ठेची खरी किंमत अशी करता येते.

तरीही एका गोष्टीची नोंद केली नाही तर आम्ही वाचकांशी प्रामाणिक राहणार नाही. तीस पौंडांची मर्यादा पाहुण्याला लाभली. घरच्या प्रेक्षकाला तशी ढाल नाही. २०२४ साली टॉटनहॅम आणि वेस्ट हॅम या लंडनच्या क्लबांच्या चाहत्यांना ज्येष्ठांच्या सवलती कमी केल्याबद्दल निदर्शने करावी लागली. एका दाराने सोडलेले पैसे दुसऱ्या दाराने वसूल होत असतील, तर पाहुणचाराचा खर्च घरातल्या म्हाताऱ्यांच्या ताटातून निघतो आहे. आमच्या यात्रेतल्या जुन्या यजमानालाही हे पटले नसते.

आता ‘तिकीट म्हणजे भाकरी नव्हे’ या आक्षेपाविषयी. एका क्लबाच्या बाबतीत ते अक्षरशः भाकरीच होते. ग्लासगोच्या पूर्व भागात आयर्लंडहून आलेले दरिद्री कॅथोलिक मजूर राहत. त्यांच्या मुलांना जेवण मिळावे म्हणून मारिस्ट संघाचे ब्रदर वॉलफ्रिड यांनी नोव्हेंबर १८८७ मध्ये सेंट मेरीज चर्चच्या सभागृहात एक फुटबॉल क्लब स्थापन केला. तोच सेल्टिक. मे १८८८ मध्ये पहिला सामना झाला, रेंजर्सविरुद्ध. सेल्टिकने तो पाच-दोन असा जिंकला. दाराशी जमणारे पैसे गरीब मुलांच्या भोजनासाठी जावेत, ही मूळ कल्पना. ब्रदर वॉलफ्रिड यांची १८९२ मध्ये लंडनला बदली झाली आणि १८९७ मध्ये क्लबाची मर्यादित कंपनी झाली. भोजनाचे ताट मागे पडले आणि लाभांशाचे पान वाढले गेले. या इतिहासातून आम्ही असा अर्थ घेतो की, तिकिटाला मोल असण्यात पाप नाही. ज्याला परवडते त्याने द्यावे आणि ते कोणाच्या तरी भुकेला लागावे, ही तर धर्मग्रामाच्या प्रत्येक जत्रेची रीत आहे. प्रश्न एवढाच की, पैसा कोणाकडून कोणाकडे वाहतो आहे. ग्लासगोत आरंभी तो मजुराकडून त्याहून गरीब मुलाकडे वाहत होता.

मनुष्य केवळ भाकरीने जगत नाही, हे वचन आपण मिस्सेत ऐकतो आणि त्याचा अर्थ प्रार्थनेपुरता मर्यादित करतो. आठवड्याचे सहा दिवस एकाच यंत्रावर एकच सुटा भाग बसवणाऱ्या तरुणाला सातव्या दिवशी चार हजार माणसांबरोबर एका सुरात ओरडता यावे, हीसुद्धा एक भूक आहे. परगावात कामाला आलेल्या माणसाला आपलेपण भेटण्याच्या जागा फार थोड्या असतात : चर्च, गावाकडचे मंडळ आणि संघ. यांपैकी तिसऱ्या जागेच्या दारावर श्रीमंतीची उंबरपट्टी बसली तर बिघडते काय, असे म्हणणाऱ्याला खोलीत एकट्याने काढलेला रविवार ठाऊक नसावा.

तिकिटाखेरीजची हानी तर कोणी मोजतच नाही. १३ डिसेंबर २०२५ रोजी लिओनेल मेस्सी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर आला. हजारो रुपयांची तिकिटे काढून लोक जमले होते. मान्यवरांच्या गराड्यात तो बहुतेकांना धड दिसलाच नाही, थोड्याच वेळात निघूनही गेला, आणि संतापलेल्या प्रेक्षकांनी बाटल्या व खुर्च्या मैदानात भिरकावल्या. आयोजकाला अटक झाली, तिकिटांचे पैसे परत करण्याचे आश्वासन मिळाले. मोडतोडीचे समर्थन करता येत नाही. परंतु तिकिटाचा परतावा मिळाला तरी शहरात राहणारा मनुष्य पूर्ववत होतो, परराज्यातून आलेला होत नाही. त्याचे भाडे, त्याची बुडालेली मजुरी, स्थानकावर काढलेली रात्र यांचा परतावा कोणत्याच खिडकीवर मिळत नाही. प्रक्षेपणाच्या सोयीसाठी सामन्याची तारीख आयत्या वेळी बदलली जाते तेव्हाही हेच घडते. घरचा माणूस कपाळाला आठी घालतो, आणि पाहुण्याचे आरक्षण वाया जाते.

त्याच डिसेंबरात २०२६च्या विश्वचषकाच्या तिकिटांचे दर बाहेर आले. देशोदेशीच्या निष्ठावंत चाहत्यांसाठी राखलेल्या वाट्यातही अंतिम सामन्याचे सर्वांत स्वस्त तिकीट चार हजार डॉलरांहून महाग होते. युरोपातील चाहत्यांच्या संघटनेने याला विश्वासघात म्हटले. आठवडाभरात फिफाने साठ डॉलरांचा एक नवा वर्ग जाहीर केला. तो प्रत्येक देशाच्या वाट्याच्या दहाव्या हिश्शापुरता होता. दहांतील एक पाहुणा घरात, नऊ अंगणात.

आमच्या पट्ट्यात उद्या पुन्हा एखादा संघ उभा राहील. कारखानदारांना प्रसिद्धी हवी असते, आणि बालेवाडीचे मैदान जागेवर आहे. तो दिवस येईल तेव्हा दर ठरवणाऱ्यांपुढे आमचे काही म्हणणे आहे. पाहुण्यांचा एक भाग ठरावीक अल्प दराचा असावा, आणि तो दर सामना कोणाशी आहे हे पाहून चढू नये. ती तिकिटे पाहुण्या संघानेच आपल्या लोकांत वाटावीत. तारीख एकदा जाहीर झाली की हलवू नये. हलवावी लागलीच तर परगावच्याला तिकिटाबरोबर काही प्रवासखर्चही द्यावा. इंग्लंडच्या प्रीमियर लीगने २०१३ पासून प्रत्येक क्लबाला मोसमाला दोन लाख पौंड पाहुण्या चाहत्यांच्या सोयींसाठी बाजूला काढावयास लावले होते. त्यातून बसगाड्यांचे भाडे कमी करता आले. आमच्याकडे एवढ्या रकमेची गरज नाही. साडेसातऐवजी पाचला सामना सुरू केला तरी खेड, मंचर, नारायणगावच्या मुलांना वाकडवरून नाशिक फाट्यावर येऊन रात्रीची एसटी गाठता येईल, आणि सोमवारच्या पहिल्या पाळीला ती कामावर हजर असतील.